मऊ दगडाची कोरीव ताटली: पहिली ताटली घरी कशी करावी

आपल्याकडचा दगड म्हणजे काळा पाषाण. पाट्याला टाकी लावणाऱ्याचा हात पाहिला असेल तर त्या दगडाला किती मार लागतो ते ठाऊक असेल. शंखजिरं, म्हणजे बाजारातला सोपस्टोन, याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. नखाने ओरखडा उठतो, कानशीने भुगा पडतो, हाताला साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत लागतो. पाटीवरची दगडी पेन्सिल आणि वेल्डर लोखंडावर खुणा करायला वापरतात तो खडू याच जातीचा. त्यामुळे मूर्तिकाम न शिकलेल्या माणसालाही यातून रोज वापरता येईल अशी ताटली घडवता येते.

आणि ती वापरायचीच आहे. ओडिशात दगडी ताटं-वाट्या जेवायला घेतात, तमिळनाडूत याच मऊ दगडाच्या कलचट्टीत, म्हणजे चुलीवर चढणाऱ्या दगडी भांड्यात, आमटी-सांबार शिजतं, आपल्याकडे जुन्या घरांत दही आणि आंबट पदार्थ दगडी भांड्यात ठेवत. शोकेसमध्ये उभी करून ठेवायला कोरलेली ताटली आणि बर्फी वाढायला कोरलेली ताटली यांची जाडी, तळ, काठ, नक्षी सगळंच वेगळं असतं. हा लेख दुसऱ्या प्रकारच्या ताटलीबद्दल आहे.

## 1. आधी पदार्थ ठरवा, मग आकार

बर्फी, लाडू, सुकामेवा यांना जवळजवळ सपाट ताटली चालते. श्रीखंड किंवा रायतं वाढायचं तर काठ निदान दोन सेंटीमीटर हवा. तीन चटण्यांसाठी तीन खळगे ही कल्पना बहुतेकांना सुचते, पण पहिल्या कामाला ती घेऊ नका. तीन खळगे एका खोलीचे करणं हे एक खळगा नीट करण्यापेक्षा बरंच अवघड आहे, आणि मधल्या पातळ भिंतीच आधी तुटतात.

पहिल्या ताटलीसाठी माझा सल्ला: व्यास 18 ते 20 सेंटीमीटर, काठाची उंची दोन ते अडीच सेंटीमीटर, शेवटची जाडी 8 ते 10 मिलिमीटर. याहून पातळ करायचा मोह होतो, कारण दगड सहज निघत असतो. आवरा.

वजनाचा हिशोब आधीच करून ठेवा. या दगडाचा एक घन सेंटीमीटर साधारण 2.7 ते 2.8 ग्रॅम भरतो. म्हणजे 20 × 20 × 4 सेंटीमीटरचा ठोकळा जवळपास साडेचार किलोचा, आणि त्यातून निघणारी ताटली किलो-सव्वा किलोची. भरलेली ताटली दोन्ही हातांनी उचलावी लागेल, तेव्हा काठाखाली बोटं शिरायला जागा आत्ताच कागदावर काढा. ताटली समोरून जशी दिसेल तशी काढून भागत नाही. मधोमध कापली तर कशी दिसेल ते चित्र खऱ्या मापात काढा. पुढचं सगळं काम त्या चित्रावर चालतं.

## 2. दगड निवडणं

राजस्थानात, विशेषतः उदयपूर आणि डुंगरपूर भागात, या दगडाच्या खाणी आहेत. शिल्पकामाचं साहित्य विकणाऱ्यांकडे कापलेले ठोकळे मिळतात. इमारतीच्या कामावरून उरलेला, कुठून आला हे सांगता न येणारा हिरवट दगड फुकट मिळाला तरी घेऊ नका. का, ते खाली येतं.

दुकानात जाताना लिंबाची फोड, पाण्याची बाटली आणि एक नाणं बरोबर ठेवा.

नख. कोपऱ्यावर नख ओढा. ओरखडा उठला पाहिजे. खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 मध्ये मांडणाऱ्या मोह्‌स श्रेणीत शुद्ध टाल्क, म्हणजे शंखजिऱ्यातलं मुख्य खनिज, 1 वर, नख साधारण अडीचवर आणि संगमरवर 3 वर आहे. म्हणून संगमरवरावर नख चालत नाही.

लिंबू. थोडा भुगा काढून त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर दगडात कार्बोनेट (संगमरवरात असतं त्या जातीचं खनिज) आहे. टाल्क स्वतः आंबटाला दाद देत नाही, पण त्यात मिसळलेलं कार्बोनेट देतं. अशा दगडाची ताटली सुक्या खाऊला चालेल, लोणच्याला नाही.

पाणी. संपूर्ण ठोकळा ओला करा आणि वाळताना पाहत राहा. बाकीचा दगड वाळला तरी एखादी रेघ ओलीच राहिली तर ती चीर आहे. याच वेळी तेल लावल्यावरचा खरा रंग कसा दिसेल तेही कळतं. कोरडा दगड राखाडी-पांढुरका दिसतो, ओला झाला की हिरवा, काळपट, कधी गुलाबी निघतो.

नाणं. ठोकळा बोटांच्या टोकांवर अधांतरी धरून नाण्याने वाजवा. स्वच्छ आवाज आला तर ठीक. एका जागी बद्द वाजला तर आत भेग असण्याची शक्यता मोठी.

अलाबास्टरपासून सावध राहा. तो दिसायला सुंदर, नखाने ओरखडला जातो, लिंबालाही फेसाळत नाही, म्हणून वरच्या परीक्षा पास होतो. पण तो जिप्सम आहे, पाण्यात थोडा थोडा विरघळतो, रोज धुवायच्या भांड्याला कामाचा नाही. शंका असेल तर एक कपची चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर तापवा, डोळ्यांना चष्मा लावून. जिप्सममधलं पाणी उडून ती पांढरी, ठिसूळ होते. शंखजिऱ्यात असा बदल होत नाही.

आता हिरवट दगडाबद्दल. टाल्क जिथे तयार होतो तिथेच काही ठिकाणी ट्रेमोलाइट आणि क्रायसोटाइल ही तंतुमय खनिजंही तयार होतात. ही दोन्ही ॲस्बेस्टॉसच्या जातीची आहेत. त्यांचे तंतू फुफ्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. सर्पेंटाइन नावाने मिळणाऱ्या हिरव्या दगडात हा धोका विशेष. म्हणून विक्रेत्याकडून दोन कागद घ्या: खाण किंवा गाव लिहिलेलं बिल, आणि दगड ॲस्बेस्टॉसमुक्त असल्याचा तपासणी अहवाल. अहवाल नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. यात भीड धरू नका.

## 3. काय काय लागेल

- हॅक्सॉ, जाड दात्यांच्या दोन-तीन पात्यांसह
- सुताराची खरखरीत रास्प, एक सपाट आणि एक अर्धगोल कानस
- वाकड्या तोंडाच्या बारीक कानशींचा संच
- गोल तोंडाची पटाशी, एक रुंद आणि एक अरुंद
- लहान लाकडी मोगरी
- हाताने फिरवायचं ड्रिल, 5 किंवा 6 मिलिमीटरच्या बिटसह
- कंपास, पट्टी, पेन्सिल, जाडी मोजायचं कॅलिपर
- वॉटर पेपर: 120, 220, 400, 600, 1000 (आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक)
- कापडी पिशवीत भरलेली वाळू, दगड टेकवायला
- पाण्याचा स्प्रे, बादली, जुनी फडकी
- एन-95 किंवा त्याहून चांगला मास्क, बंद चष्मा
- खाद्य दर्जाचं मिनरल ऑइल आणि मधमाश्यांचं मेण

लाकडावर वापरायच्या चांगल्या पटाश्या इथे आणू नका. दगडातल्या कठीण कणांनी धार जाते. जुन्या, निरुपयोगी ठरलेल्या पटाश्या या कामाला उत्तम. ग्राइंडर यादीत मुद्दामच नाही.

## 4. जागा आणि धूळ

काम बाहेर, सावलीत करा. गच्ची, अंगण, मोठी बाल्कनी चालेल. स्वयंपाकघर आणि मुलांची खोली अजिबात नाही.

खरं संरक्षण पाण्याचं आहे, मास्क त्यानंतरचा. कापताना, घासताना दगड सतत ओला ठेवा म्हणजे धूळ हवेत जाण्याऐवजी चिखल होऊन खाली बसते. ग्राइंडर लावला की हेच गणित उलटं होतं: मिनिटाभरात हवा पांढरी होते आणि तो भुगा तासन्‌तास तरंगत राहतो. वेळ वाचतो म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतील. वीस सेंटीमीटरची ताटली हातानेच करा.

काम संपलं की झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. बादलीतला गाळ बसू द्या, वरचं पाणी ओता आणि गाळ पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. मोरीत ओतला तर पाइपात थर धरतो. कामाचे कपडे वेगळे धुवा.

## 5. ठोकळ्यातून चकती

ठोकळ्याची सर्वात सपाट बाजू ताटलीचं तोंड होणार असं धरा. कर्ण काढून मध्य मिळवा, कंपासने बाहेरचं वर्तुळ काढा, आणि त्याच्या आत काठाच्या जाडीइतकं अंतर सोडून दुसरं. पहिल्या खेपेला काठ दीड सेंटीमीटर जाड ठेवा, नंतर उतरवता येतो.

हॅक्सॉने चारही कोपरे कापले की अष्टकोन होतो. मग रास्पने उरलेले कोन मोडत वर्तुळाच्या रेषेपर्यंत या. कडेला पोचलात की रास्प बाहेरून आत, म्हणजे दगडाच्या पोटाकडे चालवा. आतून बाहेर चालवली की शेवटच्या फटक्याला कडेची कपची निघते.

## 6. खळगा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, इथे घाई नको.

नियम एकच: आधी आतली बाजू पूर्ण करा, बाहेरच्या बाजूला नंतर हात लावा. आत कोरताना जोर खाली आणि कडेला जातो. त्या वेळी बाहेर भरपूर दगड शिल्लक असेल तर तो जोर पेलला जातो. बाहेरून आधी बारीक करून ठेवली की आतला एक चुकार घाव काठ घेऊन जातो.

दगड वाळूच्या पिशवीवर ठेवा. टेबलावर थेट ठेवला तर खालून दोनच टोकांवर टेकतो आणि मधोमध तडकू शकतो. आता ड्रिलच्या बिटला रंगीत चिकटपट्टी गुंडाळून खोलीची खूण करा. हवी ती खोली वजा दोन मिलिमीटर, इतकी. दगड ओला ठेवून आतल्या वर्तुळात दीड-दोन सेंटीमीटरवर भोकं पाडत जा. मग गोल पटाशीने भोकांच्या मधला दगड काढा. सगळ्या भोकांचे तळ दिसेनासे झाले की खळगा सगळीकडे एका खोलीवर आला. नजरेने खोली जोखण्यापेक्षा हे हजारपट भरवशाचं आहे.

मोगरी हळू. हा दगड मारापेक्षा खरवडण्याने चांगला निघतो. पटाशी उभी धरून जोरात ठोकली तर आत पांढरा चट्टा बसतो. तो चट्टा वरवरचा नसतो: घासून गेलासा वाटतो आणि तेल लावलं की पुन्हा उमटतो. शेवटचे दोन मिलिमीटर फक्त खरवडून काढा, मोगरी बाजूला ठेवून. स्टीलचा जुना चमचा कडेला धार लावून घेतला तर तळ आणि काठ जिथे मिळतात ती वळणदार जागा त्याने सुरेख निघते.

ती जागा वळणदारच ठेवा. काटकोन केला तर अन्न तिथेच अडकतं आणि बोट फिरवून पुसता येत नाही.

## 7. बाहेरची बाजू आणि तळ

ताटली पालथी करून, खाली घडी घातलेला टॉवेल ठेवून, बाहेरचा उतार रास्पने उतरवा. दर थोड्या वेळाने कॅलिपरने जाडी मोजा. फिकट दगड असेल तर अंधारात आतून बॅटरी लावून बघा. पातळ झालेल्या जागी उजेड झिरपतो.

बसण्यासाठी मी कडं पसंत करते, तीन पाय नाही. तीन पायांवर ताटली डुगडुगत नाही हे खरं, पण काठावर डाव टेकवला की कलंडते. कडं करायचं तर तळाच्या मधला भाग दोन मिलिमीटर खोल खरवडा, म्हणजे बाहेरचं वर्तुळच टेकेल. काचेच्या तुकड्यावर ओला 120चा वॉटर पेपर पसरून त्यावर ताटली गोल गोल फिरवली की कडं समपातळीत येतं.

## 8. नक्षी

नक्षीच्या आधी सगळी ताटली 220 पर्यंत घासून घ्या. नक्षी काढल्यावर खरखरीत पेपर फिरवला तर तिच्या कडा बोथट होतात.

मऊ दगडावर काय साधतं त्याचं शिखर बघायचं तर कर्नाटकातल्या बेलूरचं देऊळ बघायला जा. 1117 साली होयसळ राजा विष्णुवर्धनाने उभारायला घेतलेल्या त्या देवळाचा दगडही याच मऊ जातीचा आहे. मूर्तींच्या अंगावरचे दागिने मागून पोखरून मोकळे केलेले दिसतात. पण ते भिंतीवर आहे, आणि भिंतीवर कुणी चटणी वाढत नाही. ताटलीत पोखरलेल्या नक्षीखाली तूप आणि साखर साठते, मुंग्या येतात.

म्हणून माझ्या मते वापरायच्या ताटलीचे तीन नियम:

आतला तळ साधा, गुळगुळीत. नक्षी काठाच्या वरच्या पट्टीवर आणि बाहेरच्या उतारावर.

खोली दोन मिलिमीटरपर्यंत. खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी, वर रुंद आणि खाली निमुळती, म्हणजे दात घासायच्या मऊ ब्रशने साफ होते.

काठापासून तीन-चार मिलिमीटर जागा कोरी. नक्षी अगदी कडेला भिडवली की कड तिथेच तुटते.

आकृती पेन्सिलने दगडावरच काढा. सुरुवातीला ठिपक्यांच्या रांगोळीतल्या वेली, कमळाच्या पाकळ्या किंवा कोयऱ्यांची रांग घ्या. वर्तुळाचे आधी 8, मग 16 भाग करून प्रत्येक भागात एक आकृती बसवली तर शेवटची कोयरी चेपत नाही. आधी टोकदार हत्याराने रेघ ओरखडून घ्या, मग तिच्या दोन्ही बाजूंनी तिरपा कापत या. हात थरथरला तरी हरकत नाही, यंत्राने कोरलेल्यापेक्षा ती रेघ जिवंत दिसते.

## 9. घासणं

220, 400, 600 हा क्रम. मधला टप्पा गाळू नका. प्रत्येक पेपरनंतर ताटली धुऊन, पूर्ण वाळवून, खिडकीच्या तिरप्या उजेडात बघा. ओल्या दगडावर ओरखडे लपतात. काळपट दगडावर तर एक ओरखडा राहिला तरी पांढरी रेघ दिसते.

खळग्याला 600 पुरे. मंद, रेशमी पोत येतो आणि रोजच्या चमच्याचे ओरखडे त्यात दिसत नाहीत. काठाला 1000 द्या. चकचकीत काठ आणि मंद तळ हा फरक डोळ्यांना फार छान वाटतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शंखजिरं भाजलं की कठीण होतं हे खरं आहे. सिंधू संस्कृतीतल्या मुद्रा याच दगडात कोरून मग भट्टीत भाजलेल्या आहेत. पण त्याला हजार अंशांच्या आसपासची उष्णता लागते. घरच्या ओव्हनमध्ये ताटली ठेवून ती टणक होणार नाही, आणि आत राहिलेलं पाणी एकदम तापून तडा जाऊ शकतो.

## 10. तेल आणि मेण

ताटली दोन-तीन दिवस हवेशीर जागी वाळू द्या. मग तासभर उन्हात ठेवून कोमट करा. वजनाने चार भाग मिनरल ऑइल आणि एक भाग मेण घ्या, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा आणि फडक्याने पातळ थर चोळा. रात्रभर राहू द्या, सकाळी कोरड्या फडक्याने पुसून चमकवा. रंग उघडतो तो याच वेळी.

शेंगदाणा, सूर्यफूल ही खायची तेलं लावू नका. ती भांड्यावर चिकट होऊन खवट वास धरतात. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेलही नको, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. कलचट्टीला एरंडेल आणि हळद लावून मुरवतात, पण ते चुलीवर चढणाऱ्या भांड्याचं शास्त्र आहे. वाढायच्या ताटलीला त्याची गरज नाही, आणि फिकट दगड हळदीने पिवळा होतो.

## 11. वापरताना

सौम्य साबण, मऊ स्पंज, लगेच पुसणं. तारेची घासणी, डिशवॉशर, मायक्रोवेव्ह टाळा. ताटलीवर सुरी चालवू नका. हळदीचा डाग पडला तर धुऊन उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उतरतो. नक्षी कोरडी वाटायला लागली की पुन्हा तेल-मेण.

जड दगड गारवा धरून ठेवतो, याचा फायदा घ्या. श्रीखंड वाढायच्या आधी तासभर ताटली फ्रिजमध्ये ठेवा. मात्र फ्रिजमधून काढलेल्या ताटलीवर गरम पातेलं टेकवू नका.

## 12. तयार ताटली विकत घेताना

आग्र्याला याच दगडाच्या जाळीदार तबकड्या बनतात, केनियातल्या किसी भागातल्या तबाका गावच्या ताटल्या आणि वाडगे जगभर जातात. नैरोबीहून येणारे नातेवाईक आणतात त्या बहुधा याच. दोन्हीकडचं काम अप्रतिम आहे, पण पुष्कळ नग शोभेसाठी असतात. पांढरं फडकं तेलात भिजवून आतून घासा. रंग उतरला तर ती फळं ठेवायला, तीही सालीसकट. लाखेसारखा चकचकीत थर असेल आणि विक्रेता त्याचं नाव सांगत नसेल तरी तसंच. जाळीच्या तबकडीत वाटी ठेवून वाढा. मागच्या बाजूला भरलेल्या भेगा आहेत का ते बघा. दगडाचा भुगा आणि गोंद कालवून बुजवलेली भेग धुतल्यावर वेगळ्या रंगाची दिसते.

## 13. टवका उडाला तर

काठाचा लहान टवका उडाला तर घाबरू नका. 120 ने त्या जागी हलका उतार द्या, तोच उतार समोरच्या बाजूलाही द्या, मग 600 पर्यंत घासून तेल-मेण लावा. दोन्हीकडे बोटं धरायला खाचा मुद्दाम केल्यासारख्या दिसतात आणि उचलायला सोयीच्याही होतात. दोन तुकडे झाले तर इपॉक्सीने जोडता येतात, जोड बळकट बसतो. पण त्यानंतर त्यात अन्न वाढू नका. किल्ल्या, सुपारीचे अडकित्ते किंवा देवघरातली फुलं यांसाठी ती ठेवा.